कापशी भारी की खोकड? (एक पक्षी, एक प्राणी. नावं खालच्या उत्तरांतून कळली, म्हणून शीर्षक बदललं. भाच्याचा प्रश्न आहे, थट्टा नको)

बुटीबोरी_मामा | शनिवार, रात्री ९:१४

मंडळी, नमस्कार. मी इथला वाचक, लिहितो क्वचित. आज भाच्याने पेचात टाकलंय म्हणून धागा काढला.

मी बुटीबोरीला एमआयडीसीत पाळीवर असतो. वर्धा रोड सोडून बरंच आत एका ले-आउटमध्ये तीन वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन ठेवला. ले-आउट म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. मुरमाचे रस्ते, चुना फासलेले नंबराचे दगड, आणि एक भलंमोठं गेट. आत घर एकही नाही. कुसळी गवत, बोरीची झुडपं आणि कडेला एकाचं हरभऱ्याचं शेत. सुट्टी असली की संध्याकाळी भाच्याला घेऊन तिकडे फिरायला जातो. सहावीत आहे. प्रश्न विचारून जीव खातो.

आज साडेपाचच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक पांढरा-राखाडी पक्षी हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबला होता, खाली दोरी बांधून ठेवल्यासारखा. आणि त्याच धुऱ्यावर वीसेक पावलांवर एक लहानसा प्राणी, कुत्र्यासारखा बसलेला. कान मात्र सारखे हलत होते. पक्षी पाय सोडून अलगद खाली आला, गवतात पडला, रिकामाच उठला. तेवढ्यात त्या प्राण्याने उडी मारली. सरळ धावला नाही, आधी वर आणि मग तोंडावर खाली. तोंडात उंदीर. पक्षी त्याच्या डोक्यावरून दोनदा ओरडत गेला आणि विजेच्या खांबावर जाऊन बसला.

भाचा म्हणतो, "मामा, दोघांत भारी कोण?" शाळेत पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे, त्यात त्याला याचाच चार्ट करायचाय. मी म्हटलं कोल्हा. तो म्हणतो, कोल्हा नव्हता तो. आता सांगा.

सावजी_रस्सा | शनिवार, रात्री ९:३१

काय विचारता मामा! ज्याच्या तोंडात उंदीर तो भारी. मॅच संपली, बक्षीस वाटा अन् घरी चला.

काटोल_रोड | शनिवार, रात्री १०:०५

पक्षी कापशी घार. डोळे लाल दिसले असतील, खांद्यावर काळा डाग. एका जागी फडफडत थांबायची लकब तिचीच. पाय सोडून टप्प्याटप्प्याने खाली येणंही तिचंच.

भाच्याला शाबासकी द्या, तो कोल्हा नव्हताच. ते खोकड. झुबकेदार शेपूट, टोकाला काळी, हे बघितलं असेल तर शंका नको.

चार्टसाठी पहिली ओळ वजनाची घ्या. कापशी दोनशे ते तीनशे ग्रॅम, म्हणजे किराणा दुकानातला पाव किलो शेंगदाण्याचा पुडा. खोकड दोन ते तीन किलो. म्हणजे दहा पट. दहा पट मोठ्या प्राण्याच्या डोक्यावरून ती ओरडत गेली, याचे तिला वेगळे गुण द्या.

शब्दखोर | शनिवार, रात्री ११:२०

भाच्याने मामाला पकडलं ते बरं केलं. या एका शब्दावरून मराठीत पिढ्यान्‌पिढ्या घोळ चाललाय.

मराठीतला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. सात ते दहा-अकरा किलोचा, लांडग्या-कुत्र्याच्या कुळातला. रात्री सगळे मिळून ओरडतात ती कोल्हेकुई त्याची. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोघेही कोल्हेच, संस्कृतात शृगाल. आणि इंग्रजीतला फॉक्स म्हणजे आपलं खोकड. ते कळपाने कोल्हेकुई करत नाही. जोडीने राहतं आणि खोकल्यासारखं तुटक भुंकतं. नाव त्यावरूनच पडलं असावं असं मला वाटतं, पण हे वाटणंच समजा.

मग गडबड कुठे झाली? इंग्रजी गोष्टी भाषांतर होऊन शाळेच्या पुस्तकांत आल्या तेव्हा फॉक्सचाही कोल्हा झाला. द्राक्षं आंबट म्हणणारा तो मूळचा ग्रीक फॉक्स. त्यामुळे आपल्या डोक्यात एकाच नावाखाली दोन जनावरं बसली, आणि खोकड हा शब्द फक्त गुराख्यांकडे आणि वनखात्याकडे उरला. नागपुरात त्यात हिंदीची भर. इथे अर्धे लोक त्याला लोमडी म्हणतात. पुण्याकडचे ऐकून हसतात, पण निदान लोमडी म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बरोबर जनावर असतं. कोल्हा म्हणणाऱ्याच्या नसतं.

एक भर घालतो. आपलं खोकड भारतीय उपखंडाबाहेर कुठेच सापडत नाही. टीव्हीवर बर्फात उड्या मारणारा तांबडा कोल्हा (बघा, मीही कोल्हाच म्हणालो) आपल्याकडे हिमालयात आणि वायव्येच्या वाळवंटी भागात आहे, विदर्भात नाही. चार्टवर गुगलवरचा तांबडा फोटो चिकटवू नका.

बुटीबोरी_मामा | रविवार, सकाळी ७:४०

काल रात्रीच प्रिंट काढला होता. तांबडाच होता. फाडला.

पुरावा_द्या | रविवार, सकाळी १०:१८

चार्टमध्ये "गरुडाची नजर माणसाच्या आठपट" असं लिहिणार असाल तर थांबा. हे वाक्य सगळीकडे फिरतं. मोजमाप झालेल्या मोठ्या गरुडांची तीक्ष्णता माणसाच्या साधारण सव्वादोन ते अडीचपट भरते. तीही भरपूर उजेडात. कापशीसारख्या लहान पक्ष्याची आणखी कमी धरा. मात्र शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यात एक वेगळी सोय असते. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर स्पष्ट दिसण्याचा एक खळगा असतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना दोन. एक बाजूचं लांबचं बघायला, एक समोरचं.

दुसरी लोककथा उंदराच्या मुताची. उंदीर जातायेता मुताचे थेंब टाकत जातो, ते अतिनील प्रकाशात वेगळे दिसतात आणि ससाणे ती वाट आकाशातून वाचतात, असं १९९५ साली एका युरोपीय अभ्यासातून पुढे आलं. सगळ्यांनी उचललं. पुढे २०१३ मध्ये डोळे तपासले तेव्हा दिसलं की बऱ्याच शिकारी पक्ष्यांच्या डोळ्याचा पुढचा भागच अतिनील प्रकाश अडवतो. म्हणजे ती वाट वाचणं अवघडच. चार्टवर घेऊ नका.

आता खोकडाच्या बाजूचं. तुम्ही ती वरून मारलेली उडी पाहिली ना? तिच्यावर चेक देशात मोठं काम झालंय, २०११ साली. तांबड्या कोल्ह्यावर, आपल्या खोकडावर नाही, हे आधीच सांगतो. ८४ कोल्ह्यांच्या जवळजवळ ६०० उड्या नोंदवल्या. उंच गवतात किंवा बर्फात, जिथे उंदीर दिसत नाही आणि फक्त ऐकू येतो, तिथे ईशान्येकडे तोंड करून मारलेल्या उड्यांपैकी सुमारे ७३ टक्के लागल्या. बरोबर उलट्या, नैऋत्य दिशेला साधारण ६० टक्के. बाकी दिशांना १८. संशोधकांचा अंदाज असा की कोल्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंतर मोजायला उपयोग करत असावा. अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. पण आकडे बोलके आहेत.

तुमच्या खोकडाचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

बुटीबोरी_मामा | रविवार, सकाळी १०:३३

माझ्या पाठीशी सूर्य मावळत होता आणि ते माझ्याकडे पाठ करून होतं. म्हणजे पूर्वेकडे. ईशान्य म्हणता येईल का?

पुरावा_द्या | रविवार, सकाळी १०:३६

डिसेंबरात सूर्य नैऋत्येला मावळतो. मग म्हणता येईल. पण एका उडीवरून काही ठरत नाही. शंभर उड्या मोजा.

सावजी_रस्सा | रविवार, सकाळी ११:०२

मामा, नोकरी सोडा. धुऱ्यावर होकायंत्र घेऊन बसा. डबा मी पोचवतो.

काटोल_रोड | रविवार, दुपारी १:४५

नजर विरुद्ध कान अशी सरळ वाटणी करू नका, पक्ष्यांतही कानाने शिकार करणारे आहेत. आत्ता हिवाळ्यात तुमच्या माळावर भोवत्या दिसतील. लांब पंख, गवताच्या टोकांवरून हात-दोन हात उंचीने डुलत जातात. त्यांचा चेहरा जरा घुबडासारखा चपटा असतो, आवाज गोळा करायला. आणि गव्हाणी घुबड तर पूर्ण अंधारात नुसत्या कानावर उंदीर धरतं. त्याचे दोन्ही कान एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. त्यामुळे आवाज किती खालून आला तेही त्याला कळतं.

म्हणजे खोकडाची खरी तुलना करायची तर कापशीपेक्षा भोवत्याशी किंवा गव्हाणीशी करा.

भोवत्याची आणखी एक गंमत. मध्य आशियातून, कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यातून एवढ्या लांब येणारा हा पक्षी झाडावर झोपत नाही. रात्री गवतात जमिनीवरच बसतो, पुष्कळदा घोळक्याने. आपल्या देशातला त्यांचा सगळ्यांत मोठा मुक्काम गुजरातेत वेळावदरला. आता विचार करा. दिवसभर हा त्या माळाचा शिकारी. अंधार पडला की त्याच गवतात तो जमिनीवर, आणि खोकड कान टवकारून बाहेर. सकाळी पुन्हा उलट. भारी कोण ते घड्याळ बघून सांगावं लागेल.

बुटीबोरी_मामा | रविवार, दुपारी २:१०

हे आमच्या कंपनीसारखं झालं. पहिली पाळी, तिसरी पाळी. मशीन एकच.

बरं, भाचा विचारतोय, समोरासमोर लढाई झाली तर? म्हणजे आपल्याकडचा कुठला पक्षी खोकड मारू शकतो का?

काटोल_रोड | रविवार, दुपारी २:२६

मोठं धडधाकट खोकड? आपल्याकडे पक्ष्याच्या हातून अवघड. पिल्लू उचलण्याजोगे आहेत. सुपर्ण गरुड आहे, शृंगी घुबड आहे. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, दोन ते चार, आणि बिळाच्या तोंडाशी खेळत असतात. तेव्हा आईबाप आकाशावर लक्ष ठेवून असतात. बिळाला तोंडंही एक नसतं, अनेक असतात. सापमार गरुडही तुमच्याकडे घिरट्या घालताना दिसेल. त्याला घाबरायचं कारण नाही, तो नावाप्रमाणे सापावर जगतो.

पुरावा_द्या | रविवार, दुपारी २:५०

जगात मात्र मारतात. पश्चिम मंगोलियात बायान-उल्गी भागातले कझाक लोक सोनेरी गरुड पाळून हिवाळ्यात घोड्यावरून कोल्ह्याची शिकार करतात. त्यासाठी मादीच घेतात, कारण शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. कोल्ह्यांत उलट, नर किंचित मोठा. हा मुद्दा चार्टला घ्या, मास्तर खूश होतील.

व्हेंचुराहून_धरमपेठ | रविवार, रात्री ८:५५

गरुड आणि खोकड समोरासमोर हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी मूळची धरमपेठची, गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, व्हेंचुराला. घरामागच्या टेकडीवरून हवा स्वच्छ असली की समुद्रातली बेटं दिसतात. चॅनल आयलंड्स. तिथे हा सामना खरोखर झालाय, आणि निकाल कोणालाच वाटला नव्हता तसा लागला.

त्या बेटांवर मांजराएवढा कोल्हा राहतो. बेटावरचाच, दुसरीकडे कुठे नाही. हजारो वर्षं त्याला वरून कोणी शत्रू नव्हता, त्यामुळे तो दिवसाढवळ्या फिरायचा. बेटांवर गरुड होते, पण ते पांढऱ्या डोक्याचे, मासे आणि समुद्रपक्षी खाणारे. आपल्या हद्दीत ते दुसऱ्या मोठ्या गरुडाला येऊ देत नसत. मग डीडीटी हे कीटकनाशक आलं. समुद्रात गेलं, माशांत गेलं, माशांतून गरुडांत. अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी फुटायला लागली आणि १९६० च्या आसपास बेटांवरून पांढऱ्या डोक्याचा गरुड नाहीसा झाला. पहारेकरी गेला.

दुसऱ्या बाजूने, सांता क्रूझ बेटावर माणसांनी कधीकाळी नेलेली डुकरं मोकाट वाढली होती. १९९० च्या दशकात मुख्य भूमीवरचे सोनेरी गरुड तिथे येऊन राहिले. डुकरांच्या पिल्लांवर त्यांचं पोट वर्षभर भरे. आणि येताजाता हा कोल्हा, ज्याला वर बघायची सवयच नव्हती.

सान मिगेल बेटावर १९९४ मध्ये साडेचारशेच्या आसपास कोल्हे होते. १९९९ मध्ये पंधरा उरले. पंधरा! सांता रोझावरही तेवढेच.

मग काय केलं ते ऐका. उरलेले कोल्हे पकडून पिंजऱ्यात पैदास सुरू केली. सोनेरी गरुडांना मारायला कायद्याने बंदी, म्हणून चाळीसहून जास्त गरुड जिवंत पकडून दूर नेऊन सोडले. सांता क्रूझवरची पाच हजारांहून अधिक डुकरं काढली. म्हणजे मारली, स्पष्टच सांगते. त्यावर इथे खूप भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड परत आणून सोडले, पहारेकरी म्हणून. २००४ मध्ये कोल्हा संकटग्रस्त यादीत गेला होता, २०१६ मध्ये त्या बेटांवरचा यादीतून बाहेर आला. अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली कुठलाही सस्तन प्राणी इतक्या लवकर सावरलेला नाही.

मी होडीने जाऊन सांता क्रूझ पाहून आले. डबा उघडला तर एक कोल्हा पिशवीत डोकं घालायला तयार. माझ्या आईने तिकडून पाठवलेल्या सांडग्यांचा वास आला असेल. (दिले नाहीत. तिथे दंड आहे, आणि सांडगे मोजकेच होते.)

कपाशीवाला | रविवार, रात्री ९:२०

ताई, छान लिहिलं. वाचता वाचता चहा निवला. एका गरुडाने मारलं आणि दुसऱ्याला राखणीला आणलं.

सावजी_रस्सा | रविवार, रात्री ९:४१

म्हंजे कोल्हा हारला गरुडापाई, गरुड आला डुकरापाई, अन् डुकराले आनलं मानसानं. मंग भारी कोन? डीडीटी!

शब्दखोर | रविवार, रात्री ९:४७

रस्साभाऊ पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलले, आणि तेही वऱ्हाडीत. नोंद घ्यावी.

कपाशीवाला | सोमवार, पहाटे ५:५०

मी कळमेश्वरकडचा. कपाशी, तूर, रब्बीत हरभरा. माझ्या हिशेबाने सांगतो.

हरभऱ्यात आम्ही पक्षी थांबे लावतो. बांबूची टी आकाराची काठी. घाटेअळी खायला कोतवाल आणि साळुंक्या दिवसा बसतात. संध्याकाळी त्यावर कापशी येते. तिला अळीशी देणंघेणं नाही, तिला उंदीर पाहिजे. कृषी खात्याने अळीसाठी सांगितलेल्या काठीवर उंदराचं काम फुकटात होतं.

खोकडाचं वेगळं. ते पावसाळ्यात वाळवी, नाकतोडे, किडे खातं. हिवाळ्यात बोरं. त्याच्या विष्ठेत बोराच्या बिया असतात, धुऱ्यावर बोरी उगवतात त्या निम्म्या त्याच्या. उंदीर मिळाला तर उंदीर, सरडा मिळाला तर सरडा. घार-ससाण्याला हे जमत नाही. उंदीर नाही मिळाला तर कापशी बोर खाऊन झोपणार नाही. माझ्या मते भारी तो, ज्याचं वर्ष निघतं.

तक्रार एकच, माझ्या बाजूची. उंदरांसाठी विषारी गोळ्या वापरतो. आधी झिंक फॉस्फाइड, आता ब्रोमाडिओलोन. दुसऱ्यात उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस गुंगल्यासारखा फिरतो. तसाच सगळ्यांना सोपा सापडतो. मागच्या वर्षी धुऱ्यावर एक गव्हाणी मेलेली सापडली. कशाने मेली ते मी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्या आठवड्यात मीच गोळ्या टाकल्या होत्या. यंदा टाकल्या नाहीत.

गोठ्यातला_डॉक्टर | सोमवार, दुपारी १२:३०

मी पशुवैद्य. नाव-गाव नको. मामांचा ले-आउट वाचल्यापासून एक विचारायचं होतं: तिथे भटकी कुत्री किती?

कारण आपल्याकडे खोकडाला मारणारा गरुड नाही, कुत्रा आहे. दोन तऱ्हांनी. एक सरळ पाठलाग करून. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर खोकडांना गळपट्टे लावून अभ्यास झाला, त्यात दिसलं की खोकडं कुत्र्यांचा वावर टाळतात, कुत्रं जवळ असलं तर समोरचं अन्नही कमी खातात. म्हणजे कुत्र्याने चावायचीच गरज नाही, नुसतं तिथे असणं पुरतं. दुसरी तऱ्हा रोगाची. डिस्टेंपर आणि रेबीज दोन्ही कुत्र्यांकडून खोकडाला जातात. डिस्टेंपर झालेलं खोकड दिवसा उघड्यावर भेलकांडत येतं, नाक-डोळे वाहतात, जबडा काही चावत असल्यासारखा हलतो. लोक म्हणतात, किती माणसाळलंय बघा! मोबाईल काढून जवळ जातात. कृपा करून जाऊ नका. वनखात्याचा १९२६ नंबर लावा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असं एक आणलं होतं. मी एका जागी फोन केला, त्यांनी दुसरीकडे करा म्हटलं, दुसरीकडून तिसरीकडे. गाडी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. कोणाला दोष देत नाही. खोकडासाठी गाडी काढायची हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. वाघ असता तर वीस मिनिटांत रस्ता बंद झाला असता. नागपूरला आपण वाघांची राजधानी म्हणतो ना.

पक्ष्यांकडे बघायचं तर जानेवारीत माझ्याकडे येतात ते मांजाचे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीच्या आठवड्यात पंखाचा सांधा हाडापर्यंत कापलेल्या घारी येतातच. पंख सांधता येतो. पण सांधलेल्या पंखाने कापशीला हवेत एका जागी थांबता येत नाही, आणि थांबता आलं नाही तर ती उपाशी मरते. उलट तीन पायांवर लंगडणारं खोकड मी पाहिलंय, धष्टपुष्ट होतं. कपाशीवाल्या दादांचा मुद्दा मला पटतो.

काटोल_रोड | सोमवार, दुपारी १२:५८

डॉक्टरांशी एका बाबतीत वाद घालतो. खोकड चिवट आहे, पण जागेला बांधलेलं आहे. त्याच्या बिळाची जागा गेली तर त्याला उडून जाता येत नाही. कापशी तुमच्या माळावरून उठली तर दहा मिनिटांत पुढच्या गावात. ती वर्षात कधीही घरटं करते, जिथे उंदीर वाढले तिथे. खोकडाला मधला हायवे ओलांडावा लागतो. वर्धा रोडवर रात्री काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि ही माळरानं सरकारी दप्तरात बहुधा पडीक म्हणून लिहिलेली असतात. झाड नाही म्हणजे जंगल नाही, पीक नाही म्हणजे शेत नाही. मग उरलं काय? प्लॉट.

बुटीबोरी_मामा | सोमवार, रात्री ११:२५

दुसऱ्या पाळीवरून आत्ता आलो. सगळं वाचलं. शेवटचा टोला मला होता ना, काटोल रोड? बसला.

काटोल_रोड | सोमवार, रात्री ११:३१

तुम्हाला नव्हता हो मामा. माझाही एक आहे. बेसा-पिपळ्याकडे. २०११ चा. तेव्हा तिथेही भोवत्या यायच्या.

बुटीबोरी_मामा | पुढचा रविवार, रात्री ८:०५

ताजी खबर. काल-आज दोन्ही दिवस गेलो. डॉक्टर, कुत्री मोजली: सात. गेटवरचा वॉचमन त्यांना शिळी पोळी घालतो, तोही एकटाच असतो बिचारा. लसीबद्दल विचारलं तर माझ्याकडेच बघायला लागला. कोणाला सांगायचं ते कळवा, मी सोबत यायला तयार आहे.

उड्या मोजल्या. एकूण चार. त्यातल्या दोन लागल्या. दिशा भाच्याने मोबाईलवर बघून वहीत लिहिल्या, पण तोपर्यंत खोकड फिरलेलं असायचं, तेव्हा पुरावा_द्या यांनी त्या धरू नयेत.

कापशीचे झपाटे अकरा. तीन लागले. भाच्याने लगेच टक्केवारी काढली. मी म्हटलं, हे चार्टवर टाकू नको, ओरडतील.

आणि एक. माझ्या प्लॉटचा नंबर ४७. दगडावर खोकडाची विष्ठा, बोराच्या बियांसकट, अगदी नंबराच्या वर. जुनीही होती, ताजीही. म्हणजे रोजचं येणं आहे. त्या दगडापासून बीळ किती लांब ते मला आता माहीत आहे, इथे लिहिणार नाही, फोटोही टाकणार नाही. मार्चमध्ये आमच्या सगळ्या प्लॉटवाल्यांनी मिळून कंपाउंडची भिंत घालायचं ठरलंय. वर्गणी मी दिलेली आहे. बैठकीत मी एवढंच म्हणू शकतो की मार्चऐवजी पावसाळ्यानंतर घाला. कारण काय सांगू? खोकडाची पिल्लं आहेत म्हटलं तर हसतील.

कपाशीवाला | रविवार, रात्री ८:३०

सिमेंटचा भाव सांगा. उन्हाळ्यात कामाला पाणी कुठून आणणार तेही विचारा. भिंतीला क्युरिंग लागतं. बुटीबोरीच्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात टँकर किती पडतील, याचा हिशेब मांडा. कोणी हसणार नाही.

बुटीबोरी_मामा | रविवार, रात्री ८:३४

दादा, हे लाख बोललात.

व्हेंचुराहून_धरमपेठ | रविवार, रात्री ९:१०

चार्टचं नाव काय ठेवलं शेवटी?

बुटीबोरी_मामा | रविवार, रात्री ९:१८

"एक माळ, दोन पाळ्या." डावीकडे दिवस, उजवीकडे रात्र. मध्ये उंदीर. उंदराचं चित्र सगळ्यांत मोठं काढलंय त्याने. मी विचारलं असं का, तर म्हणतो त्याला दोन्ही पाळ्या कराव्या लागतात.

शब्दखोर | रविवार, रात्री ९:२२

खोकड असंच लिहिलंय ना? आणि शेपटीचं टोक काळं केलं का?

बुटीबोरी_मामा | रविवार, रात्री ९:२५

खोकड असंच लिहिलंय. टोक काळं करताना मार्कर संपला, अर्धं राहिलंय. दुकान उद्या उघडेल.